कमी पडले ते माझ्या नावावर

मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या तीन दिवस आधी, रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी, गावाहून आलेली चार डझनांची हापूसची पेटी ठेवलेली होती आणि तिच्यातून वास येत होता. वास यायचाच होता, त्याचीच तर वाट पाहणे चालले होते. पण त्या रात्रीचा वास आदल्या दिवशीच्या वासासारखा नव्हता. त्यातला पेंढ्याचा कोरडेपणा सरला होता, गोडवा दाट झाला होता आणि त्या गोडव्याच्या कडेला काहीतरी आंबूस, अगदी पुसट, फसफसण्याच्या बेतात असलेले जाणवत होते. पेटी आत्ता उघडायला हवी, हे मला कळले. 'वाटले' असे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण वाटण्याला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नव्हता. मी वाकले, सुतळीच्या गाठीला हात लावला आणि मग झाकणावर चुलतभावाने जाड स्केचपेनने लिहिलेली ओळ दिसली : 'अक्षय्य तृतीयेला उघडणे.' भाऊ बागायतदार आहे. तीस वर्षे तो झाडावर झेला लावून आंबे उतरवतो आहे, आणि मी पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर राहून मंडईतले भाव विचारणारी बाई. त्याच्या अक्षरापुढे माझ्या नाकाची काय किंमत? मी गाठ सोडली नाही. पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

सणाच्या सकाळी पेटी उघडली तेव्हा खालच्या थरातले नऊ आंबे गेलेले होते. देठापासून पसरत आलेले काळपट तपकिरी वर्तुळ, बोट टेकताच आत जाणारी साल, रसाने चिकट झालेला पेंढा. उरलेले एकोणचाळीस उत्तम होते. नैवेद्य झाला, आमरस झाला, नवऱ्याने तिसरी वाटी मागून घेतली आणि जेवण झाल्यावर आरामखुर्चीत डोळे मिटले. मी भांडी घासत होते आणि घासता घासता कुणाला तरी बोलत होते. 'अक्कल कुठे गेली होती तुझी? वास आला होता ना? मग हात का मागे घेतलास? एवढी साधी गोष्ट, तीसुद्धा जमली नाही.' हे मनातल्या मनात चालले आहे अशी माझी समजूत होती, पण बाहेरून नवऱ्याने विचारले, "अगं, कुणाशी बोलतेयस?"

कुणाशी, ते मला सांगता येईना.

नऊ आंब्यांची हळहळ दोन दिवसांत ओसरली. टोचत राहिले ते ते बोलणे. त्या रात्री ओट्यापाशी ज्याने मला सांगितले होते, ते एकदाच सांगून गप्प झाले होते. त्याला शब्दसुद्धा नव्हते. आणि पेटी उघडल्यानंतर जे सुरू झाले त्याला मात्र शब्दांची कमतरता नव्हती. दोन दिवस ते पूर्ण, घडीव वाक्यांत बोलत होते, जुने दाखले काढत होते, कोणत्या वर्षी मी कुठे चुकले याची त्याच्यापाशी नोंद होती. दोन्ही आतूनच आले. एवढी वर्षे मी दोघांनाही 'माझे मन' याच नावाने ओळखत आले आणि त्यातले जे मोठ्याने बोलते तेच ऐकत आले.

नाकाचे म्हणाल तर ते मला आजीकडून मिळाले असावे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी माजघराला लागून एक काळोखी खोली होती आणि मे महिन्यात तिथे आढी घातलेली असे. सारवलेली जमीन, तिच्यावर भाताचा पेंढा, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. पहिल्या तोडीच्या दिवशी आजी दोन-चार फळे बादलीतल्या पाण्यात टाकून बघायची. जून झालेला आंबा बुडतो आणि कोवळा तरंगतो. देठाजवळ खड्डा पडून खांदे वर आलेत का, तेही बघायची. एकदा आढी घातली की मात्र ती आंब्यांना फारसा हात लावत नसे. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती त्या खोलीच्या दारात उभी राहायची, पदराने कपाळ टिपायची आणि एक श्वास घ्यायची. "उद्या कोनाड्याखालचे काढा," एवढेच म्हणायची. पिकायला लागलेले फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि त्या वायूने शेजारची फळेही पिकू लागतात, हे मी नंतर कॉलेजात शिकले. आजीच्या हिशेबी एक आंबा जागा झाला की तो आजूबाजूच्यांना उठवतो. कोपराच्या कोपरा एकदम तयार होतो, तो त्यामुळे.

मला मात्र एवढ्याने समाधान नसे. मी सात-आठ वर्षांची असेन. दुपारी सगळे निजले की त्या खोलीत शिरायचे, पेंढा बाजूला करायचा आणि एकेक आंबा अंगठ्याने दाबून बघायचा, हा माझा उद्योग होता. कालचा आज किती मऊ झाला, आजचा उद्या किती होईल. एकदा आजीने दारातून पाहिले. ती रागावली नाही. आत आली, माझ्या हातातले फळ घेतले, माझ्या अंगठ्याने पडलेला बारीकसा खळगा मला दाखवला आणि म्हणाली, "दाबू नको गो बाय. दाबतंस तिथंच तो कुजतो." मी लाजून पेंढा सारखा केला. आज ते वाक्य आठवले की आंबे आठवतातच, पण मी स्वतःला किती वेळा आणि किती ठिकाणी असे दाबून पाहत आले, तेही आठवते.

आणि आजी चुकायची. हे मला नीट आठवते, कारण ती चुकली की आम्हा मुलांची चैन असे. कोनाड्याखालचे काढायला सांगावे आणि दाराजवळचेच आधी पुढे गेलेले निघावेत, असे दर मोसमात दोन-तीनदा होई. ती ओंजळीत फळ घेऊन बघायची, "राह्यला हा," म्हणायची, सडका भाग असेल तर गुरांपुढे टाकायची आणि नुसताच अति पिकलेला असेल तर त्याचा रस ताटात पसरून उन्हात साठं घालायची. कुणाचे चुकले, असा प्रश्न त्या खोलीत निघत नसे. मी आजीची देवता करत नाही. लोणच्याची बरणी फुटली तेव्हा तिने आईला चार दिवस घालूनपाडून बोलून घेतले होते आणि आई ते शेवटपर्यंत विसरली नाही. पण आंब्यांच्या बाबतीत तिचे स्वतःशी काहीतरी मिटलेले होते. दुसऱ्या दिवशी ती त्याच दारात उभी राहून तसाच श्वास घ्यायची आणि तितक्याच खात्रीने सांगायची.

मी एका बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली पहिली बारा कॅश काउंटरवर काढली. तेव्हा आमच्या शाखेत मोजणीची यंत्रे नव्हती. पाण्याचा स्पंज आणि उजवा अंगठा, एवढीच सामग्री. शंभर नोटांचे पॅकेट मोजताना डोळे नोटांवर असतातच असे नाही. समोरचा माणूस बोलत असतो, मागे शिपाई चहा ठेवत असतो, आणि बोटे आपल्या लयीत चाललेली असतात. त्या लयीत मध्येच बोट अडकते. काय झाले ते ठाऊक नसते, फक्त अडकलेले असते. मग थांबायचे, ती नोट वेगळी काढायची, उजेडात धरून जलचिन्ह बघायचे, सुरक्षा धागा बघायचा, आणि कोरीव छपाईमुळे अंगठ्याला जो उठाव लागायला हवा तो लागतो का, ते बघायचे. खोटी निघाली तर ती ग्राहकाला परत देता येत नाही. शिक्का मारून जप्त करायची आणि पावती द्यायची. ग्राहक भांडतो, कारण त्याला ती तिसऱ्याच कुणीतरी दिलेली असते.

आमचे हेड कॅशियर वयाने मोठे आणि मितभाषी होते. पहिल्याच महिन्यात माझे बोट अडकले आणि मी घाईघाईने एका भाजीवाल्याला 'नोट खोटी आहे' असे सांगून मोकळी झाले. नोट खरी होती, नुसती धुतली गेली होती. तो गेल्यावर ते माझ्या काउंटरपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बोट अडकलं म्हणजे नोट खोटी, असं नसतं. बोट अडकलं म्हणजे बघायचं. एवढंच." त्यानंतरच्या बारा वर्षांत माझे बोट शेकडो वेळा अडकले असेल. बहुतेक वेळा नोट तेलकट असे, किंवा चिकटपट्टी लावलेली, किंवा कुणाच्या कमरेच्या घामाने मऊ पडलेली. खोट्या नोटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरीही अडकल्यावर पुढे रेटायचे नाही, हा शिरस्ता मी कधी मोडला नाही आणि जवळजवळ दर वेळी नोट खरी निघाली म्हणून बोटावर रागावलेही नाही. त्या अंगठ्याच्या भरवशावर मी रोज लाखो रुपये आत घेतले आणि बाहेर दिले. तीच मी, पेटीच्या सुतळीची गाठ सोडायला मात्र स्केचपेनच्या अक्षराची परवानगी मागत होते.

याचे कारण मला वाटते त्याच काउंटरवर दुसऱ्या एका गोष्टीत आहे. संध्याकाळी कॅश टॅली करताना रक्कम कमी आली तर ती कॅशियरने स्वतःच्या खिशातून भरायची असते. जास्त आली तर ती कॅशियरला मिळत नाही. ती बँकेच्या वेगळ्या खात्यात जमा होते आणि कुणी दावा सांगत आले तर तिथून दिली जाते. नियम योग्यच आहे, दुसरा कोणता असणार? पण बारा वर्षे रोज संध्याकाळी हा नियम अंगात मुरवल्यावर तो काउंटरच्या काचेबाहेरही चालू लागतो. १९९४ साली एका शनिवारी मला बाराशे रुपये कमी आले. तीनदा मोजले, ड्रॉवर उपडा केला, कचऱ्याची टोपली चाळली. पगाराचा मोठा तुकडा गेला आणि ते बाराशे कुठे गेले ते आजतागायत कळलेले नाही. कधीकधी झोप लागत नाही तेव्हा मी अजूनही त्या शनिवारचे ग्राहक ओळीने आठवत बसते. ज्या हजारो संध्याकाळी पैशापर्यंत हिशेब जुळला, त्यांतली एकही मला अशी आठवत नाही. मुलाला शिकवले, सासूबाईंचे आजारपण काढले, कर्ज फेडले, ते सगळे त्या वेगळ्या खात्यात गेले. दावा सांगायला मीच कधी गेले नाही. कमी पडले ते तेवढे माझ्या नावावर.

दुसऱ्यांच्या बाबतीत माझा हिशेब असा नव्हता. पुढे मी अधिकारी झाले तेव्हा एक नवी मुलगी काउंटरवर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला पाच हजार कमी आले. ती रडवेली होऊन उभी होती. मी तिला म्हटले, "होतं असं. आधी चहा घे, मग दोघी मिळून मोजू." मोजूनही सापडले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेन्शनर काका स्वतःहून जास्तीचे पैसे परत घेऊन आले. पण ते येतील हे ठाऊक नसतानाही मी तिला तेच म्हटले असते. चहा घे, असे मी स्वतःला १९९४ साली म्हटले नव्हते, नंतरही नाही. लहानपणी आजी तिन्हीसांजेला मनाचे श्लोक म्हणून घेई. दुसऱ्याच श्लोकात रामदास मनाला 'सज्जना' अशी हाक मारतात. एकूण दोनशेपाच श्लोकांत पुढे ते त्याच मनाला कितीतरी दटावतात, पण सुरुवात त्या हाकेने होते. माझ्या मनाला मी 'अगं ए' यापेक्षा बऱ्या शब्दाने कधी हाक मारली होती का, ते आठवून पाहिले. आठवले नाही.

इथपर्यंत आल्यावर आतल्या आवाजाच्या आरत्या ओवाळणे सोपे आहे. पण मी ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस काउंटरवर काढलेले आहेत. अधिकारी असो की क्लार्क, सगळ्यांनाच तेव्हा रोकड हाताळायला बसवले होते. आणि नव्या नोटा हातात आल्या तसे लक्षात आले की आमचे अंगठे निकामी झाले आहेत. नवी पाचशेची नोट आकाराने लहान, कागदाचा कडकपणा वेगळा, दोन हजारांची तर कधी पाहिलेलीच नाही. वीस-वीस वर्षे मुरलेली बोटे एका रात्रीत शिकाऊ झाली. बोट प्रत्येकच नोटेवर अडकायचे, म्हणजे कशावरच अडकत नव्हते. ते पुन्हा सरावायला काही महिने गेले, आणि दोन हजारांची नोट हाताला नीट कळू लागली असे म्हणावे तर २०२३ मध्ये तीही मागे घेतली गेली.

त्याच दिवसांत, रांगेतून एक बाई आली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, पिशवीत हजारांच्या जुन्या अठ्ठेचाळीस नोटा. नोटांना हिंगाचा वास येत होता. त्या दिवसांत घराघरांतल्या डब्यांतून निघालेल्या नोटांना असेच वास असत, कुठे हळदीचा, कुठे डांबराच्या गोळ्यांचा. तिच्या स्वतःच्या खात्यात भरायच्या होत्या. माझ्या मनाने तत्काळ सांगितले की हे पैसे हिचे नाहीत. तेव्हा कमिशनवर दुसऱ्यांच्या नोटा भरणाऱ्यांच्या गोष्टी रोज कानावर येत होत्या. मी आवाज चढवून तिला विचारले, कुणाचे आहेत, खरे सांगा. एकदा नाही, तीनदा. रांग ऐकत होती. तिने काही न बोलता पिशवीतून एक शाळेची वही काढली आणि काचेखालून सरकवली. आत भिशीचा हिशेब होता. बारा बायकांची नावे, प्रत्येकीपुढे चार हजार. त्यांच्यातल्या काहींचे खातेच नव्हते, काहींना घरात कळू द्यायचे नव्हते.

पैसे दुसऱ्यांचेच होते. माझा अंदाज अचूक होता आणि मी चुकले होते.

बोट अडकले तिथे मी बघायला हवे होते. मी सरळ शिक्काच उचलला होता. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे या विषयातले विरुद्ध बाजूंचे अभ्यासक. एकाने माणसाचा अंदाज कसा फसतो यावर आयुष्य घालवले आणि दुसऱ्याने अग्निशमन दलातल्या अनुभवी माणसांचा अंदाज कसा साधतो यावर. २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि त्यात त्यांचे एकमत झाले ते असे की, जिथे परिस्थितीत काही नियमितपणा असतो आणि माणसाला चुका कळत कळत दीर्घकाळ शिकायला मिळालेले असते, तिथलाच अंदाज भरवशाचा. आपल्याला किती खात्री वाटते, यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. हे वाचले तेव्हा मला आजीची बादली आठवली. तिचा तो एक श्वास पन्नास मोसमांचा होता, त्यात कितीतरी 'राह्यला हा' जिरलेले होते. हिंगाच्या वासाच्या नोटा आणणाऱ्या बाईबद्दल मला जे कळले असे वाटले, त्यामागे असा एकही मोसम नव्हता. चार दिवसांची कुजबूज होती आणि बारा तासांचा थकवा. त्या प्रसंगाबद्दल मी स्वतःला माफ केले आहे का, हे विचारू नये. तिची मात्र मी तिथेच माफी मागितली. तिने मान हलवली, वही पिशवीत ठेवली आणि पावती मागितली.

यंदाही भावाने पेटी पाठवली. झाकणावर पुन्हा ओळ होती, पुन्हा तारीख होती. मी त्याला फोन करून मागच्या वर्षीचे नऊ आंबे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "अगो ताई, मी रत्नांगिरीच्या हवेच्या हिशेबानं लिहितो. तुझ्या ओट्याखाली केवढं उकडतं ते मला काय ठाव? वास आला की उघडायची." तीस वर्षांच्या बागायतदाराचे म्हणणे एवढेच होते.

पाचव्या रात्री मला जाग आली. दिवा न लावता मी ओट्यापाशी उकिडवी बसले, सुतळी सोडली आणि पेंढ्यात हात घातला. दाबले नाही, फक्त तळहातावर घेऊन देठापाशी हुंगले. तीन आंबे बाहेर काढले आणि झाकण लावले. सकाळी कापले तेव्हा दोन केशरी, बरोबर वेळेवर आलेले निघाले. तिसरा बाहेरून त्यांच्यापेक्षाही देखणा होता, वासालाही कुठे कमी नव्हता, पण आत कोयीभोवती साका धरलेला, पांढरट, पिचपिचीत. साका कापेपर्यंत कुणालाच कळत नाही. आजीलाही कळत नसे. जुनी वाक्ये घशापर्यंत आली होती. नवरा वर्तमानपत्र खाली ठेवून विचारत होता, "काय झालं?"

"होतं असं," मी म्हटले, आणि चहाचे आधण ठेवले. साक्याचा भाग कापून टाकला. एका बाजूची फोड चांगली होती, ती ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली.